पिवळ्या मातीचे नगर : शीआन

आशिया खंडाचा नकाशा समोर घ्या. श्रीनगरवर बोट ठेवा आणि ते जवळजवळ त्याच अक्षांशावरून सरळ पूर्वेकडे न्या. तिबेटचे उंच पठार संपले की बोट एका नदीच्या खोऱ्यात उतरेल. या नदीचे नाव वेई. ती ह्वांग-हो म्हणजे पीत नदीची उपनदी. तिच्या दक्षिणेस छिनलिंग पर्वताची भिंत उभी आहे, आणि नदी व पर्वत यांच्यामध्ये शीआन हे शहर वसले आहे. चीनच्या शान्शी प्रांताची ही राजधानी.

तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नगर कदाचित छांगआन या जुन्या नावाने आले असेल. तांग घराण्याच्या काळी, म्हणजे इ. स. ६१८ ते ९०७ या काळात, त्याच्या तटाच्या आत सुमारे ८४ चौरस किलोमीटर जागा होती. जपानमधील नारा व क्योतो ही नगरे छांगआनचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून आखण्यात आली. मध्य आशियातून येणारे रेशमाचे व्यापारी, उंटांचे तांडे, बौद्ध भिक्षू या साऱ्यांचा मुक्काम इथे पडे.

शीआनला जाणारा प्रत्येक प्रवासी मातीच्या सैनिकांचे प्रसिद्ध दालन पाहून येतो. आपणही ते पाहणार आहोत. पण तिथे पोहोचण्याआधी सैनिक ज्या मातीचे झाले त्या मातीची ओळख करून घेऊ. या शहरातील तट, मनोरे, भूकंपाच्या आठवणी आणि सम्राटाचे थडगे यांपैकी काहीही तिच्यावाचून नीट समजत नाही.

वाऱ्याने आणलेली जमीन

शहराच्या उत्तरेला थोडे बाहेर पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळट मातीचे उभे कडे दिसू लागतात. दगडाचा कडा असा उभा असला तर आपल्याला त्याचे काही वाटत नाही. पण ही नुसती माती आहे. नखाने उकरली तरी तिची पिठासारखी पूड हातावर येते. या मातीला भूशास्त्रात ‘लोएस’ असे नाव आहे.

लोएस नदीच्या गाळातून आलेली नाही, ती वाऱ्याने आणली. वायव्येकडील वाळवंटी प्रदेशातून लाखो वर्षे धूळ उडत आली आणि इथे पडत राहिली. तिचे बहुतेक कण इतके बारीक असतात की एका मिलिमीटरात ओळीने वीस ते शंभर कण बसावेत. अशा धुळीचे शंभर ते दोनशे मीटर जाडीचे थर या पठारावर अनेक ठिकाणी आहेत. पीत नदी पिवळी दिसते ती याच मातीमुळे.

कड्याकडे नीट पाहिले तर पिवळ्या थरांच्या मधून तांबूस पट्टे गेलेले दिसतात. हवामान थंड व कोरडे होते तेव्हा धूळ भराभर साचली आणि पिवळा थर तयार झाला. हवामान उबदार व ओले झाले तेव्हा धूळ कमी पडली, गवत-झाडोरा वाढला आणि वरच्या मातीला तांबूस रंग चढला. म्हणजे हा कडा हिमयुगांची एक वहीच आहे. ल्यू तुंगशंग या चिनी भूशास्त्रज्ञाने ही वही वाचण्यात आयुष्य घालवले. २००२ साली त्यांना पर्यावरणशास्त्रातील टायलर पारितोषिक मिळाले.

आता या मातीचा मुख्य गुण पाहू. पुढे तो पदोपदी उपयोगी पडेल. लोएसच्या कणांमध्ये पोकळ्या फार असतात, आणि कणांना एकमेकांशी जोडून ठेवण्याचे काम बरेचसे चुन्याचे क्षार करतात. कोरडी असताना ती उभी राहते, वजन पेलते. पाणी लागले की ही जोडणी सुटते आणि माती एकदम खाली बसते. घरी साखरेचा चौकोनी खडा बशीत ठेवा. त्यावर एखादे छोटे वजन खुशाल ठेवता येईल. मग बशीत चमचाभर पाणी सोडा आणि काय होते ते पाहा. लोएसमध्ये घडते ते अगदी हेच नव्हे, पण कल्पना येण्यास तेवढे पुरे.

शहराच्या पूर्वेला बान्पो येथे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे एक खेडे उत्खननात सापडले आहे. १९५४ ते १९५७ या काळात ते खणले गेले आणि १९५८ मध्ये जागेवरच संग्रहालय झाले. निम्मी जमिनीत खोदलेली घरे, गावाभोवती पाच-सहा मीटर खोल चर, भांडी भाजण्याच्या भट्ट्या आणि मासे व माणसाचे तोंड एकत्र रेखाटलेली मातीची भांडी तिथे पहावयास मिळतात. हे लोक बाजरीच्या जातीचे बारीक धान्य पिकवीत. अशा भुसभुशीत जमिनीत लाकडाच्या वा दगडाच्या अवजारानेही शेती करता येते, ही गोष्ट ध्यानात घ्या.

धुम्मस आणि तट

शीआनचा तट मिंग घराण्याच्या काळात, इ. स. १३७० नंतरच्या काही वर्षांत बांधला गेला. त्याचा घेर पावणेचौदा किलोमीटर, उंची सुमारे १२ मीटर आणि माथ्याची रुंदी १२ ते १४ मीटर. माथ्यावर भाड्याने सायकली मिळतात. दोन तास हाताशी असतील तर तटावरून शहराला पूर्ण फेरी मारता येते. दुसरे काही न जमले तरी हे करावेच, इतकी मजा त्यात आहे. डावीकडे जुन्या शहराची छपरे, उजवीकडे खंदक आणि त्यापलीकडे उंच इमारती.

तट बाहेरून विटांचा दिसतो, पण विटांचे हे आवरण १५६८ साली चढवले गेले. आतला सारा तट मातीचा आहे. दोन्ही बाजूंना फळ्या लावायच्या, मध्ये ओलसर माती घालायची, धुम्मसाने ती ठोकून घट्ट करायची, मग वर पुढचा थर. ठोकल्याने मातीतील पोकळ्या नाहीशा होतात आणि लोएसचा खाली बसण्याचा दोष बराचसा जातो. आपल्याकडे देशावरच्या जुन्या गढ्यांच्या भिंती पांढरीच्या मातीच्या असत. त्या पाहिलेल्या मुलांना ही कल्पना नवी वाटणार नाही. आणि त्यांना हेही माहीत असेल की मातीच्या भिंतीचा खरा शत्रू म्हणजे पाऊस. शीआनच्या तटाचा माथा म्हणूनच आतल्या बाजूला किंचित उतरता ठेवला आहे. पावसाचे पाणी त्या बाजूच्या पन्हळींतून खाली जाते.

तटाला दर १२० मीटरांवर एक बुरूज पुढे आलेला आहे. हे अंतर का निवडले असेल? दोन बुरुजांच्या मधोमध शत्रू तटाला भिडला, तर तो कोणत्याही एका बुरुजापासून साठ मीटरांच्या आत असतो, म्हणजे बाणाच्या टप्प्यात. असे एकूण ९८ बुरूज आहेत.

मिंग काळातील बांधकामांची आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. त्या काळी दर्जांच्या चुन्यात चिकट भाताची पेज मिसळीत. चिनी रसायनशास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या दर्जांमध्ये अमायलोपेक्टिन हा पिष्टाचा घटक सापडला. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन कठीण होत असताना हे पिष्ट स्फटिकांना फार मोठे होऊ देत नाही. त्यामुळे बारीक स्फटिकांची घट्ट वीण तयार होते. स्वयंपाकघरातली पेज अशी गवंड्याच्या कामी आली.

कलणारा मनोरा

तटाच्या दक्षिणेस, शहराच्या आताच्या गजबजाटात, मोठा हंसमनोरा उभा आहे. त्याच्याशी आपला जुना संबंध आहे. ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू सातव्या शतकात भारतात आला. त्याने नालंदा येथे अध्ययन केले, आणि फिरत फिरत तो महाराष्ट्रातही येऊन गेला. त्या वेळी इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. या राजाविषयी आणि इथल्या मानी व लढवय्या लोकांविषयी त्याने आदराने लिहून ठेवले आहे. इ. स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन छांगआनला परतला. ते ग्रंथ जपून ठेवण्यासाठी ६५२ साली हा मनोरा बांधण्यात आला.

पहिला मनोरा आतून मातीचा आणि बाहेरून विटांचा होता. पन्नास वर्षेही तो टिकला नाही. फटींतून झाडे उगवली, पाणी शिरले. ७०१ ते ७०४ या काळात तो पुन्हा बांधावा लागला. आज तो सात मजली असून सुमारे ६४ मीटर उंच आहे, आणि तो वायव्येकडे कललेला आहे.

हा कल जुनाच होता, पण विसाव्या शतकात तो झपाट्याने वाढला. कारण शोधायला वर पाहून उपयोग नव्हता. वाढत्या शहराला पाणी लागे, कारखान्यांना लागे, आणि ते खोल विहिरींतून उपसले जाई. भूजलाची पातळी खाली गेली. मातीच्या थरांतील पाण्याचा दाब कमी झाला, तशी वरच्या वजनाखाली ती माती दबली. शीआनचा काही भाग दोन मीटरांहूनही अधिक खचला. सगळी जमीन सारखी खचली असती तर मनोरा सरळच खाली गेला असता. पण ती कमीजास्त खचली. १९९६ साली मनोऱ्याचा माथा आपल्या मूळ जागेपासून एक मीटरहून किंचित अधिक सरकलेला आढळला.

मग काय केले? मनोऱ्याला टेकू दिले नाहीत. विहिरींचा उपसा आवरला, छिनलिंग पर्वतातील नद्यांचे पाणी शहरात आणले आणि जमिनीत पाणी परत मुरवले. त्यानंतरच्या मोजण्यांत मनोरा सावकाश, वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने, उलट फिरत असल्याचे दिसले. मनोऱ्याखाली उभे राहून हे काही दिसत नाही, पण तेराशे वर्षांची इमारत शहराने पाणी कुठून घ्यावे हे ठरवते, ही मला तरी तिच्या उंचीहून मोठी नवलाची गोष्ट वाटते.

उपशाचा दुसरा परिणाम म्हणजे भेगा. शहराच्या जमिनीत अशा चौदा मोठ्या भेगा नोंदलेल्या आहेत. त्यांचे मूळ खोलवरच्या भूस्तरांच्या हालचालीत आहे, पण उपशामुळे त्या अधिक फाकल्या. २०११ पासून शीआनमध्ये भुयारी रेल्वे धावते. जिथे बोगदा भेग ओलांडतो, तिथे तो मुद्दाम तुकड्यातुकड्यांचा बांधला आहे. जमीन सरकली तर तुकडे थोडे हलावेत, बोगदा फुटू नये, हा त्यातला हेतू.

जवळच धाकटा हंसमनोरा आहे. १४८७ च्या भूकंपात तो माथ्यापासून पायापर्यंत चिरला, आणि १५२१ च्या भूकंपात ती चीर मिटली, अशी नोंद त्याच्याच दारावरच्या दगडात कोरलेली आहे. त्याचे वरचे दोन मजले मात्र पुढे गेले. पंधराचे तेरा राहिले.

२३ जानेवारी १५५६

वेई नदीचे खोरे म्हणजे दोन्ही बाजूंच्या भ्रंशांमध्ये खाली खचलेला जमिनीचा पट्टा आहे. भ्रंश म्हणजे खडकातील अशी फट, की जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकतात. २३ जानेवारी १५५६ या दिवशी शीआनच्या पूर्वेला भूमी हादरली. चिनी बखरींप्रमाणे त्या भूकंपात सुमारे ८ लाख ३० हजार माणसे दगावली. ज्ञात इतिहासात कोणत्याही भूकंपात एवढी जीवितहानी झालेली नाही.

इतकी माणसे का मेली? पुन्हा माती. त्या काळी लाखो लोक लोएसच्या कड्यात कोरलेल्या गुहांमध्ये राहत. आजही काही राहतात. ही घरे उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, आणि बांधायला लाकूड-दगड जवळजवळ काहीच लागत नाही. पण हादऱ्याने कणांची जोडणी तुटली, कडेच्या कडे ढासळले आणि झोपलेली माणसे आतच गाडली गेली. छिन कदा नावाचा एक विद्वान त्यातून वाचला. धरणी हलू लागताच बाहेर धावत सुटू नये, आहे तिथेच दबून बसावे आणि संधीची वाट पाहावी, असा सल्ला त्याने लिहून ठेवला आहे.

या भूकंपाची खूण शीआनच्या ‘शिलालेखांच्या वनात’ प्रत्यक्ष पाहता येते. १०८७ साली सुरू झालेल्या या संग्रहात हजारो कोरीव शिळा आहेत. त्यांत कन्फ्यूशियस परंपरेच्या ग्रंथांच्या ११४ शिळा इ. स. ८३७ मध्ये पुऱ्या झाल्या. छपाईची पुस्तके दुर्मीळ होती तेव्हा विद्यार्थी ओला कागद शिळेवर दाबून, शाईचे पोटीस फिरवून ठसे घेत. ते झाले त्यांचे पाठ्यपुस्तक, आणि त्यात लेखनिकाची चूक शिरण्याची भीती नसे. यांपैकी कित्येक शिळा १५५६ मध्ये मोडल्या. त्यांवरील सांधलेल्या तडा आजही दिसतात.

विहीर खणताना

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडे लीशान डोंगराच्या पायथ्याशी जायचे. वाटेत ह्वाछिंग येथे ४३ अंश सेल्सियसचे गरम पाण्याचे झरे लागतात. तांग सम्राटांची स्नानगृहे इथे होती. ज्या भ्रंशांमुळे या खोऱ्यात भूकंप होतात, त्याच भ्रंशांतून खोल गेलेले पाणी तापून वर येते. झऱ्यात हात बुडवताना याची आठवण ठेवा.

तिथून पुढे मातीची सेना. १९७४ च्या मार्चमध्ये इथले शेतकरी विहीर खणीत होते. पाण्याऐवजी त्यांना भाजलेल्या मातीचे तुकडे लागले. ते होते चीनचा पहिला सम्राट छिन शी-ह्वांग याचे सैनिक. इ. स. पू. २२१ मध्ये त्याने सारा चीन एका सत्तेखाली आणला आणि इ. स. पू. २१० मध्ये तो मरण पावला. पहिला खड्डा २३० मीटर लांब व ६२ मीटर रुंद आहे. तीन खड्ड्यांत मिळून सुमारे आठ हजार मूर्ती असाव्यात असा अंदाज आहे. बहुतेक अजून मातीतच आहेत.

मूर्तींचे पाय भरीव आणि धड पोकळ. धडासाठी मातीच्या वळ्या एकावर एक रचल्या. डोकी साच्यातून काढून मग नाक, मिशा, केस हातांनी कोरले. काही मूर्तींवर कारागिरांची नावे आहेत. ती गौरवासाठी नव्हती. काम वाईट निघाले तर कोणाला पकडायचे, हे कळावे म्हणून ती कोरून घेतली होती!

आज सैनिक मातकट दिसतात, पण मूळचे ते झगझगीत रंगांचे होते. आधी रोगणाचा थर, त्यावर हिंगुळाचा लाल, मॅलाकाइटचा हिरवा, आणि एक जांभळा. हा जांभळा निसर्गात मिळत नाही. बेरियम, तांबे आणि सिलिका यांची संयुगे भट्टीत तापवून तो कारागिरांनी तयार केलेला होता. रोगण होते एका झाडाच्या चिकाचे. हे झाड आपल्या आंब्याच्या व बिब्ब्याच्या कुळातले, आणि बिब्बा उततो तसा त्याचा चीकही अंगावर उततो. दोन हजार वर्षे ओल्या मातीत राहिलेले हे रोगण उघड्या हवेत वाळले की आकसते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि वरचा रंग घेऊन गळून पडतात. याला काही मिनिटेच लागतात. सुरुवातीच्या उत्खननात कितीतरी रंग असे डोळ्यांदेखत गेले. पुढे जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या तज्ज्ञांबरोबर चिनी शास्त्रज्ञांनी उपाय शोधला. मूर्ती ओली असतानाच पॉलिएथिलीन ग्लायकॉल लावून रोगणातील पाण्याची जागा त्याने भरून काढायची. म्हणूनच आता खणण्याची गती मुद्दाम कमी ठेवली जाते.

सैनिकांजवळची काशाची शस्त्रे मात्र चकचकीत सापडली. त्यांच्या पृष्ठावर क्रोमियमचा अंश मिळाला, तेव्हा ‘दोन हजार वर्षांपूर्वी क्रोमियमचा मुलामा!’ अशी बातमी जगभर पसरली. अनेक पुस्तकांत ती अजून आढळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शेकडो शस्त्रे तपासली गेली. क्रोमियम मुख्यतः मुठींच्या व दांड्यांच्या जवळ मिळाले, म्हणजे जिथे लाकडाला रोगण लावलेले होते तिथे. ते रोगणातून आले होते. शस्त्रे टिकली ती काशातील भरपूर कथिलामुळे, आणि इथल्या बारीक कणांच्या, किंचित अल्कधर्मी मातीमुळे.

सेनेच्या पश्चिमेस दीड किलोमीटरवर खुद्द सम्राटाचे थडगे आहे. ठोकलेल्या मातीची ती एक मोठी टेकडीच आहे. सम्राटानंतर सुमारे शंभर वर्षांनी स्सुमा छ्येन या इतिहासकाराने लिहिले, की आत पाऱ्याच्या नद्या आणि समुद्र केलेले आहेत. पुष्कळांना ही दंतकथा वाटे. १९८० नंतरच्या काही वर्षांत टेकडीवरच्या मातीचे नमुने तपासले, तेव्हा मधल्या भागात पाऱ्याचे प्रमाण आसपासच्या मातीपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाले. २०२० साली चिनी व स्वीडिश शास्त्रज्ञांनी लेसर किरणांनी टेकडीवरच्या हवेची पाहणी प्रसिद्ध केली. एका घनमीटर हवेत पारा २७ नॅनोग्रॅमपर्यंत आढळला. त्या परिसरात एरवी तो पाच ते दहा असतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. तेव्हा फिरणाऱ्यांना त्यापासून भय नाही. पण बारीक तडांतून पाऱ्याची वाफ अजून वर येत असावी, असा त्याचा अर्थ लावतात.

मग थडगे उघडत का नाहीत? पेकिंगजवळ १९५६ ते १९५८ मध्ये एका मिंग सम्राटाचे थडगे उघडले होते. आतले सुंदर रेशमी कापड हवा लागताच काळवंडले, ठिसूळ झाले. तो धडा चिनी पुरातत्त्वज्ञ विसरलेले नाहीत. रोगणाचे चार पापुद्रे वाचवायला इतकी वर्षे लागली, तर आतले रेशीम, लाकूड, लेख कसे वाचवणार, याचे खात्रीचे उत्तर आजही हाती नाही.

त्यामुळे या ठिकाणी प्रवाशाला दिसते ती एक हिरवी टेकडी आणि तिच्या आसपास डाळिंबाची झाडे. हा भाग डाळिंबांसाठी प्रसिद्ध आहे. शरद ऋतूत गेलात तर रस्त्याच्या कडेला ती विकणारे बसलेले असतात.